पाण्याचं चित्र

उत्तर शेवंतानं दिलं. शेवटच्या बाकावर, मांडीवर निरीक्षणाचा तक्ता आणि हातात शर्यतीचं घड्याळ घेऊन ती बसली होती. निरीक्षकानं वर्गात तोंड उघडायचं नाही हा नियम तिनंच घातलेला. अध्यापक महाविद्यालयात नवीन तुकडी आली की पहिल्या तासाला ती तोच सांगायची. तरी 'ब्रह्मगिरी' हा शब्द तिच्या तोंडून गेला, तोही चांगला मोठ्यानं, आणि सातवीचा सबंध वर्ग बाकांची खडखड करत मागं वळला. फळ्यापाशी भिकन अहिरे हातात खडू धरून उभा होता. आज त्याचा सराव पाठ होता. त्यानं मागं पाहिलं नाही. तो पहिल्या रांगेतल्या मुलीकडंच पाहत राहिला. नवसा तिचं नाव. ती उभी होती आणि तिचे ओठ अजून 'ब'वर मिटलेले होते. मग ते सैल झाले. तिनं निळ्या स्कर्टची चूण नीट केली आणि ती खाली बसली. "बरोबर," भिकन म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

प्रश्न सोपा होता. गोदावरी कुठं उगम पावते? नाशकात हे विचारणं म्हणजे तुझ्या घराचं दार कुठं आहे असं विचारण्यासारखं. वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांच्या तोंडात उत्तर तयार होतं, म्हणून तर ती शांतता सोसवेना. वीज गेली होती, पंखा बंद होता. बाहेर पंचवटी कारंज्याकडून एखाद्या टांग्याची घंटी येई आणि विरून जाई. नवसाच्या गळ्याची शीर वर आली होती, डोळे घट्ट मिटले होते, हनुवटी जरा जरा वर ओढली जात होती. मुलगी अडखळत बोलणारी आहे हे शेवंताला कुणी सांगायची गरज नव्हती. हातातलं घड्याळ टिकटिकत होतं. आणि तिच्या पोटातून काहीतरी वर चढत होतं, अगदी ओळखीचं. दुसऱ्याच्या तोंडात अडकलेला शब्द पाहिला की बोटं घालून तो ओढून काढावा असं वाटायला लावणारं. गेल्या हिवाळ्यापासून ते तिच्या अंगात येऊन राहिलं होतं. घरातलं होतं, घरातच राहील, अशी तिची समजूत होती. ते आपल्याबरोबर बसमध्ये चढून शाळेत येईल आणि सगळ्यांसमोर तोंड उघडेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि हे तिच्या बाबतीत व्हावं! गेली काही वर्षं ती याच गोष्टीवर प्रबंध लिहीत होती. 'शिक्षण, समुपदेशन आणि शुश्रूषा यांतील साहाय्य-संबंध' असं त्याचं भारदस्त नाव पुण्याच्या मार्गदर्शकांनी ठरवलं होतं, पण शेवंता त्यात शिरली होती ती एका लहानशा दारानं. मदत करणारा माणूस थांबतो का? शिक्षक प्रश्न विचारतो, परिचारिका 'काय होतंय?' विचारते, मार्गदर्शन कक्षातले सर 'बोल, अगदी मोकळेपणानं बोल' म्हणतात. त्यानंतर समोरच्याचं तोंड उघडेपर्यंत ते काय करतात? ती वर्गांतून बसली, दवाखान्यातल्या खाटांशेजारी बसली, मार्गदर्शन कक्षाच्या कोपऱ्यात बसली, आणि पाहत राहिली. थांबत कुणीच नव्हतं. चांगली माणसं तर मुळीच थांबत नव्हती. ज्याला मनापासून मदत करायची असते त्याला ती रिकामी जागा बघवत नाही. तो स्वतःच उत्तर देतो, स्वतःच दुखण्याचं नाव सांगतो, आणि समोरचा मान हलवतो. मार्गदर्शक त्या रिकाम्या जागेला 'प्रतीक्षावकाश' म्हणत. ती तक्त्यात नुसतं 'थांबले' किंवा 'नाही थांबले' असं लिहायची. विद्यार्थी पाठीमागं तिला 'थांबा मॅडम' म्हणत. एका स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी तिच्या खोलीच्या दारावर कुणीतरी एस.टी.चा गंजका पत्रा आणून टांगला होता, 'विनंती थांबा'. ती खळखळून हसली होती. शिपाई काढायला लागला तर तिनं काढू दिला नव्हता. घरी जाऊन आईला सांगितलं तर आई केवढी हसली होती! तेव्हा आईला हसता येत होतं, आणि हसून झाल्यावर वर चार शब्द ऐकवताही येत होते. "मग उतरायला लाव की पोरांना तिथं," ती म्हणाली होती.

तास संपला तेव्हा ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. भिकन हजेरीपट गुंडाळत आला. सटाण्याकडचा, उंच, बोलताना खांदे उडवायची सवय असलेला.

"मॅडम, घड्याळ चालूच हे अजून."

तिनं कळ दाबली.

"माझा पाठ धरायचा की सोडून द्यायचा?"

"पाठ चांगला झाला तुमचा."

"माझा कुठला? शेवट तर तुम्ही केला." तो हसला आणि मग त्यानंच हसू आवरलं. "राग नका मानू. पण ती बोलणार होती, मॅडम."

"अहिरे, मला वाटलं तिला फार..."

"काल मधल्या सुट्टीत आमचं ठरलं होतं. मी हाच प्रश्न तिला विचारणार, आणि घंटा झाली तरी चालेल, मी थांबणार. वर्गाला दम भरला होता. मधे जो बोलेल तो अंगठे धरून उभा राहील. ही कार्टी बघताय ना तुम्ही? एका जागी बसत नाहीत. पण गप बसली. एकानं तोंड उघडलं नाही."

त्यानं खांदे उडवले.

"मला आधी कल्पना द्यायची होती तुम्ही."

"निरीक्षकाला आधी काही सांगायचं नसतं. तुमच्याच नोट्समध्ये हे." तो जायला वळला आणि परत फिरला. "उद्या परत विचारतो मी तिला. ती उभी राहिली तर. तुम्ही आलात तरी चालेल, नाही आलात तरी चालेल."

पोरगा उद्धट नव्हता. तिला उलट बरं वाटलं असतं, तो उद्धट असता तर. आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला तो वर्गातल्या दोघातिघांबरोबर इंदिरानगरपर्यंत आला होता, मागच्या सतरंजीवर बसला होता, जाताना तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला होता आणि काहीही बोलला नव्हता. येणारा प्रत्येक माणूस काहीतरी बोलत होता त्या दिवशी.

नवसा शाळेच्या मागं नळापाशी होती. मखमलाबादकडच्या फुलांच्या मळेवाल्यांची मुलगी. आईबाप गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, गजरे घेऊन बसतात असं मागं कधीतरी तिच्या वर्गशिक्षिकेनं सांगितलेलं. नळाला पाणी नव्हतं, तरी ती तोटी उघडून उभी होती. शेवंता जवळ गेली आणि खाली वाकली. आपल्या आवाजात कसा मऊपणा आला आहे हे तिला स्वतःला ऐकू येत होतं.

"नवसा, तुझं उत्तर मी सांगून टाकलं गं. चुकलं माझं. तुला वाईट वाटलं ना? वाटणारच. तुला तर येत होतं. येत होतं की नाही? मला ठाऊक आहे, येत होतं. उद्या सर परत विचारतील, तेव्हा सांगशील? सांगशील ना?"

मुलीनं मान हलवली. पापण्या खाली घेऊन, सावकाश, एकदाच. त्या मानेत राग नव्हता, लाज नव्हती, होकारही नव्हता. पाहुण्यानं आग्रहानं वाढलेलं पानात ठेवून घ्यावं, त्याचं मन मोडू नये, तशी ती मान होती. शेवंता वाकली होती ती तशीच राहिली. ही मान तिनं महिनोन् महिने पाहिली होती. रोज सकाळी, कॉलेजला जायच्या आधी. रोज संध्याकाळी, चपला काढल्या काढल्या. आईच्या उशाशी बसून. आणि प्रत्येक वेळी तिनं त्या मानेचा अर्थ 'हो' असा लावला होता. 'समोरचा मान हलवतो' हे वाक्य आपल्या प्रबंधात आहे, आपण ते लिहिलं आहे, टाइप करून घेतलं आहे, हे तिला आठवलं. नवसानं तोटी बंद केली आणि ती बाजूनं निघून गेली.

बसला गर्दी नव्हती. ती खिडकीपाशी बसली. होळकर पुलावरून बस जाताना नेहमीसारखी सगळ्यांची तोंडं पाण्याकडं वळली. तिनं मात्र पर्स मांडीवर घट्ट धरली. शालिमारला एक म्हातारी चढली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं आजी?" म्हातारी कनवटीला हात घालून "ते हे..." म्हणाली मात्र, कंडक्टर म्हणाला, "द्वारका? मुंबई नाका? लवकर बोला." म्हातारी म्हणाली, "द्या द्वारका." तिला खरंच द्वारकेला जायचं असेल का, का कंडक्टरची घाई बघून ती द्वारकेला जाऊन उतरेल आणि मग तिथून चालत जाईल, हे शेवंताला कळेना, आणि कळलं नाही तर आपलं काहीतरी मोठं नुकसान होणार आहे असं तिला वाटायला लागलं. म्हातारी द्वारकेला उतरली. कडेला उभी राहून ती इकडेतिकडे पाहत होती. बस सुटली.

आई बोलकी बाई. विंचूरला कांद्याच्या खळ्यावर ती निवडायला जायची तेव्हा मुकादम तिला मधोमध बसवायचा, कारण सरुबाई बोलायला लागली की दोन्हीकडच्या बायकांचे हात थांबत नसत. नवरा प्राथमिक शिक्षक झाला, निफाड तालुक्यातली चार गावं फिरून नाशकात आला, लेक प्राध्यापक झाली, इंदिरानगरात प्लॉट घेऊन घर झालं, आजूबाजूला अजून ज्वारीची रानं होती तेव्हा. पण सरुबाईची भाषा खळ्यावरचीच राहिली, मोठी, मोकळी, कुणाचीही फिरकी घेणारी. मार्गशीर्षातल्या एका सकाळी न्हाणीच्या दारात ती बसली ती उठली नाही. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. गेली म्हणजे पुरती नाही. कळत सगळं होतं, ऐकू येत होतं. शब्द तेवढा ओठापाशी येऊन अडकायचा. "स... स..." आई म्हणायची आणि शेवंता उशाशी धावायची. "सरबत? साडी? साखर? सकाळ? साबण?" शब्दकोडं सोडवावं तसं. आईचे डोळे मोठे होत, तिच्या तोंडावर खिळत, आणि शेवंता आणखी भराभर शब्द पुरवी, कारण त्या डोळ्यांसमोर गप्प बसवत नसे. ते डोळे काहीतरी मागत आहेत आणि आपल्या हाती देण्यासारखे एवढे शब्द आहेत! आयुष्यभर वाचलं ते सगळं तिथं ओतावं असं होई.

मग तिनं चित्रं काढली. परदेशी नियतकालिकातल्या एका लेखात तिनं वाचलं होतं, वाचा गेलेल्या रुग्णासाठी चित्रांचे पत्ते करतात, रुग्ण बोट ठेवतो, शुश्रूषा करणाऱ्याला कळतं. शर्टाच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून तिनं पत्ते केले, रंगीत पेन्सिली आणल्या. पाण्याचा पेला. चादर. पंखा. गोळ्या. लघवीचं भांडं. उशी. खिडकी. रेडिओ. दादांचा चष्मा, म्हणजे दादांना, शेवंताच्या वडिलांना, बोलवा. भगवंताचा फोटो, म्हणजे वंदना म्हणा. चित्रं सुरेख झाली होती. मार्गदर्शक पाहायला आले तेव्हा म्हणाले, "गांगुर्डे, हे परिशिष्टात घ्या." आईनंही पत्ते डाव्या हातात घेऊन एकेक निरखले होते, मुलाबाळांचे फोटो पाहतात तसे. आणि दुसऱ्या दिवसापासून पत्ते पसरले की ती जरा वेळ त्यांच्यावरून नजर फिरवायची आणि पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवायची. "पाणी! पाणी हवं होतं होय तुला!" शेवंताला काय आनंद व्हायचा! ती फुलपात्र तोंडाला लावायची, आई प्यायची, हनुवटीवरचा ओघळ शेवंता पदरानं टिपायची. दिवसातून कितीदा तरी. एकदा डॉक्टरांनी विचारलंसुद्धा, "एवढं पाणी का पितात या? साखर तपासली होती ना?" साखर तपासली होती. साखर नव्हती.

आता घरी दादा होते. दादांनाही काहीतरी बोलायचं होतं. हे तिला माहीत होतं, वैशाखापासून, आई गेल्यापासून माहीत होतं, आणि ते चष्म्याबद्दल किंवा पेन्शनबद्दल नाही हेही माहीत होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, चारचौघांनी आदरांजली वाहिली, आणि मग दादा स्वतःच उठून उभे राहिले. पांढऱ्या कपड्यातले, जरा पुढं वाकलेले. "सरू मला..." ते म्हणाले आणि थांबले. मांडवात एवढी माणसं, निफाडची, विंचूरची, कॉलनीतली, सगळी मान वर करून. दादांचा कंठमणी खालीवर होत होता. किती वेळ गेला असेल? घड्याळ नव्हतं तिच्याकडं. ती उठली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "दादांना बोलवत नाहीये. आपण सगळे आलात, आमच्या दुःखात सहभागी झालात, आम्ही आभारी आहोत." सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. दादा खाली बसले. त्यांनी मान हलवली होती का? हलवली होती. त्यानंतर घरात ते अधूनमधून सुरू करायचे, "शेवंता, तुला एक..." आणि ती म्हणायची, "चष्मा खिशातच आहे दादा." किंवा "चहा ठेवलाय." किंवा "उद्या जाऊ बँकेत." जणू त्या अर्ध्या वाक्याच्या पलीकडं एखादी विहीर होती आणि ती घाईघाईनं तिच्यावर फळ्या टाकत होती.

ती विहीर कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. ती त्या सकाळपाशी होती. आईला धाप लागली होती, ओठ निळसर दिसत होते, आणि शेवंता रिक्षा घेऊन आली होती. रिक्षावाल्यानं आणि तिनं मिळून आईला उचललं. दारापाशी आल्यावर आईनं डाव्या हातानं चौकट धरली. एवढ्या दुखण्यात एवढा जोर कुठून आला असेल! "भिऊ नकोस आई," शेवंता म्हणाली होती, "मी आहे ना. दोन दिवसांत परत येऊ." आणि तिनं आईची बोटं सोडवली. हळूच, प्रेमानं, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी, एकेक. आई परत आली नाही. दवाखान्यातल्या लोकांनी शर्थ केली, त्यांना बोल नव्हता. पण कधी मध्येच, फळ्यावर लिहिताना, भाजी घेताना, तिला आपल्या बोटांखाली ती बोटं जाणवायची. शेवटी करंगळी. करंगळी फार वेळ सुटत नव्हती.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दादा ओट्यावर खुर्ची टाकून गवार निवडत बसले होते. मांडीवर ताट, शेजारी पितळी. एक शेंग घ्यायची, चष्म्यावरून पाहायची, एक टोक मोडायचं, शीर ओढायची, मग दुसरं टोक. या गतीनं भाजी उद्यासुद्धा झाली नसती. रोज ती पर्स टाकून ताटच त्यांच्या मांडीवरून उचलायची, "द्या इकडं," म्हणून. आज तिनं पायरीवर बैठक मारली. चपलाही काढल्या नाहीत.

"आलीस?"

"हं."

"उशीर झाला."

"बस."

दादांनी आणखी एक शेंग घेतली. ती मोडली नाही, नुसती धरली.

"शेवंता, तुला एक..."

आणि ते थांबले. ती तोंड मिटून बसली. चहा, चष्मा, बँक, औषध, सगळे शब्द तिच्या तोंडात येऊन उभे राहिले, वर्गातल्या पोरांसारखे, बोटं वर करून, मी सांगू, मी सांगू. तिनं दात आवळले. दादा तिच्याकडं पाहत होते. आणि तिच्या ध्यानात आलं की ते तिचीच वाट पाहत आहेत. वाक्याचा अर्धा भाग आपला आणि उरलेला लेकीचा, ही त्यांना सवय झाली होती. आता पुढचं येत नाही म्हटल्यावर ते गोंधळले होते.

"बरं वाटत नाही का तुला?"

तिनं नुसती मान हलवली, तसं काही नाही अशी.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर कुणाची तरी शेळी ओरडत होती. दादांनी शेंग मोडली. टोक पितळीत पडायचं ते खाली पडलं. ते उचलायला ती वाकणार होती. तिनं हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. घशात तेच वर चढत होतं. सकाळचं, मांडवातलं, आईच्या उशाचं. तिला उठून आत पळून जावंसं वाटलं. किती वेळ लागतो एका माणसाला एक गोष्ट बोलायला?

"तुझी आई बोलायची," दादा म्हणाले.

ती त्यांच्याकडं पाहत राहिली.

"दुपारची. तू कॉलेजात गेल्यावर." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "बोलायची म्हणजे लय वेळ लागायचा. एक शब्द आला की दुसऱ्याची वाट बघायची. मी काय, पेपर तोंडावर घेऊन पडलेला. डुलकी लागायची. जागा होऊन बघतो तर हिचं चालूच. परत डोळा लागायचा. असं करत करत चहाच्या वेळेपर्यंत एखादं वाक्य पुरं व्हायचं." ते एकदम हसले. "मला एकदा म्हणाली, तुमी झोपता तेच बरं हाय. एवढं म्हणायला सबंध दुपार घेतली तिनं."

"मला का नाही सांगितलंत?" राहवलं नाहीच तिला.

"तीच नको म्हणाली. पोरीनं एवढी चित्रं काढली, म्हणाली. पाणी प्यालं की तिला बरं वाटतं." दादांनी चष्मा परत घातला, पण तिच्याकडं पाहिलं नाही. "तहान नसायची गं तिला. तू गेल्यावर मला सारखं भांडं द्यावं लागायचं, तेव्हा ती कपाळावर हात मारून घ्यायची अन् हसायची. तोंड वाकडं झालं होतं, तरी हसायची."

दादांनी मांडीवरचं ताट उचलून खाली ठेवलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर बसायचे तसे.

"अन् एक म्हणाली होती." ते परत थांबले. या वेळी ते तिची वाट पाहत नव्हते. "दवाखान्यात नको म्हणाली. काय व्हायचं ते हितंच होऊ द्या. एवढं शेवंताला सांगा, म्हणाली. मी म्हणालो, सांगतो. आज सांगू, उद्या सांगू, तू दमून यायचीस. मग ती सकाळ आली. मी म्हणालो तुला, शेवंता, आई म्हणत होती... एवढंच म्हणालो. तू म्हणालीस, रिक्षा मी आणते दादा, तुम्ही बसा. मी बसलो. मी बसून राहिलो, बघ. तिनं दार धरलं तेव्हा मी बघितलं. मला माहीत होतं ना ते काय आहे. अन् मी बसून राहिलो."

ओट्याखाली ऊन सरकत फाटकापर्यंत गेलं होतं. शेवंताच्या डोळ्यांसमोर पुठ्ठ्याचे पत्ते एकेक करून पसरत होते. पेला, चादर, पंखा, गोळ्या, भांडं, उशी, खिडकी, रेडिओ. हवं, हवं, हवं. माणसाला जे जे हवं असू शकतं ते सगळं तिनं काढलं होतं, रंगवलं होतं. 'नको' काढलंच नव्हतं. त्या सगळ्या पत्त्यांत आई बोट ठेवील आणि आपण थांबू, असा एकही पत्ता नव्हता. आईनं तो शोधला असेल पहिल्या दिवशी. एकेक पत्ता डाव्या हातात घेऊन, एवढं निरखून. तो सापडत नाही म्हटल्यावर तिनं पाणी मागितलं. आणि शेवटी चौकट धरली.

आता तिनं काहीतरी बोलायला हवं होतं. दादा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, आणि तिच्याकडं वाक्यं होती. कधी नव्हे एवढी. 'दादा, यात तुमचा दोष नाही.' 'डॉक्टर म्हणाले होते, घरी ठेवलं असतं तर सकाळसुद्धा निघाली नसती.' 'इतके दिवस तुम्ही हे मनात ठेवलंत, किती जड गेलं असेल तुम्हाला.' शेवटचं तर ती वर्गात उदाहरण म्हणून फळ्यावर लिहायची, चांगल्या प्रतिसादाचं. सगळी वाक्यं नीट होती, खरीही होती, एकेक पत्त्यासारखी समोर मांडता आली असती. दादांनी पाण्यावर बोट ठेवलं असतं. मान हलवली असती.

तिनं ती तिथंच राहू दिली. त्यांच्या मागं आणखी काहीतरी होतं. वैशाखापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. ते तिचं होतं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, प्रबंधात नाही, मांडवात नाही, स्वतःलाही नाही. करंगळीचं. तिनं तोंड उघडलं. "मी..." ती म्हणाली, आणि पुढं 'बोटं' म्हणायचं होतं, पण ओठ 'ब'वर मिटले ते मिटले. गळ्याशी शीर ताणली गेली. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. शब्द होता, तिथंच होता, हाताला लागत होता.

"पाणी?" दादा घाबरून म्हणाले. खुर्ची करकरली. "थांब, पाणी आणतो."

तिनं मान हलवली. नको.

दादा अर्धवट उठले होते ते परत खाली बसले, आणि ती बोलेपर्यंत त्यांनी गवारीला हात लावला नाही.